पगार वाढला, तो विम्यात गेला: ओबामाकेअर आणि नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा

दर नोव्हेंबरात संध्याकाळी सातनंतर माझा फोन वाजायला लागतो. न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम मी पाहते. नोव्हेंबर म्हणजे 'ओपन एनरोलमेंट'चा, पुढच्या वर्षाचा विमा निवडायचा महिना. ऑफिसात विचारायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून मराठी मंडळी घरी फोन करतात. या वेळचा पहिला फोन एका तरुण सहकाऱ्याचा होता. पुण्याहून येऊन चार वर्षं झालीत, बायको घरी असते, मुलगी दीड वर्षाची आहे. "ताई, तीन टक्के इन्क्रिमेंट मिळालं. पण जानेवारीपासून विम्याचे किती कापणार ते बघितलं, तर हातात काही उरतच नाही. हे त्या ओबामाकेअरमुळेच ना?"

हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. ओबामाकेअर म्हणजे 'अफोर्डेबल केअर ॲक्ट', २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी सही केलेला आरोग्य सुधारणेचा कायदा. त्याला दोष देणारे आहेत, देव मानणारेही आहेत. नोकरीतल्या विम्याची किंमत त्याने किती वाढवली, याचं माझं उत्तर असं: थोडी वाढवली, आणि त्या बदल्यात खरोखर काही दिलं. पण दरवर्षी जी वाढ आपल्याला टोचते, तिचं मूळ दुसरीकडे आहे. ते कुठे आहे, ते पायरीपायरीने बघू.

आधी पे-स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, उघडा

विमा कंपनीला द्यायच्या ठरावीक रकमेला प्रीमियम म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या प्रीमियमची पूर्ण रक्कम किती, हे विचारलं तर दहातले नऊ जण चुकीचा आकडा सांगतात. ते सांगतात ती रक्कम असते पगारातून कापली जाणारी.

केएफएफ ही संस्था अमेरिकेतल्या कंपन्यांची दरवर्षी पाहणी करते. तिच्या २०२५ च्या पाहणीनुसार नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २६,९९३ डॉलर होता. त्यातले ६,८५० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात आणि उरलेले वीस हजारांहून जास्त कंपनी भरते. दर पंधरवड्याला पगार होत असेल, तर स्टबवर सुमारे २६३ डॉलरची कपात दिसते. त्याच पंधरवड्यात कंपनीने भरलेले सुमारे ७७५ डॉलर बहुतेकांच्या नजरेला पडत नाहीत.

ते बघायचे असतील तर जानेवारीच्या शेवटी कंपनीकडून हातात येणारा डब्ल्यू-२ फॉर्म, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, काढा. बॉक्स १२ मध्ये 'डीडी' या अक्षरांपुढे एक रक्कम असते, कंपनीचा आणि तुमचा वाटा मिळून. तिच्यावर कर नसतो, म्हणून टॅक्स भरताना आपण ती ओलांडून पुढे जातो. ही रक्कम छापायची सक्तीसुद्धा २०१० च्या कायद्यानेच केली. मला ती त्या कायद्यातली फार उपयोगी ओळ वाटते, कारण किंमत दिसल्याशिवाय तिच्याबद्दल बोलणार कसं?

कंपनी भरते म्हणजे कोण भरतं?

नोकरी आणि विमा यांची गाठ कशी बसली, ही गोष्ट लढाईच्या काळातली आहे. १९४२ मध्ये महागाई रोखायला सरकारने पगारवाढ गोठवली. कारखान्यांना माणसं हवी होती, पगार वाढवता येत नव्हता. विमा आणि तत्सम सवलतींना मात्र त्या बंदीतून सूट होती, तेव्हा कंपन्यांनी विमा देऊन माणसं ओढली. पुढे १९५४ च्या करसंहितेत कंपनीने भरलेला प्रीमियम कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरायचा नाही, हे पक्कं झालं आणि गाठ सुटेनाशी झाली.

करसवलत किती मोठी आहे बघा. २२ टक्के आयकराच्या टप्प्यातल्या माणसाला, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी विमा) यांच्यासाठी कापले जाणारे ७.६५ टक्के धरून, रोख पगाराच्या प्रत्येक डॉलरमागे जवळपास ३० सेंट केंद्र सरकारला द्यावे लागतात. तोच डॉलर विम्याच्या रूपात आला तर काही द्यावं लागत नाही. त्यामुळे कंपनीला आणि आपल्यालाही विम्यात जास्त आणि हातात कमी हे परवडत आलं.

पण कंपनीच्या हिशेबात माणूस म्हणजे एकच आकडा असतो. पगार, विमा, निवृत्तीचा निधी, सगळं मिळून या माणसावर वर्षाला किती खर्च, तो आकडा. बजेटच्या बैठकीत मी हे डोळ्यांनी बघते. विम्याचा खर्च आठ टक्के वाढणार असं कळलं की पगारवाढीच्या ओळीतला आकडा खाली येतो. अर्थशास्त्रज्ञही बहुतेक हेच सांगतात: कंपनीचा वाटा कालांतराने कर्मचाऱ्याच्या पगारातूनच वसूल होतो. सीटीसीतला पीएफचा कंपनीचा वाटा हा आपलाच पगार असतो हे जसं आपल्याकडे आता सगळ्यांना कळतं, तसंच हे.

म्हणून त्या मुलाला मी आधी हे सांगितलं, "तुझी वाढ तीन टक्क्यांपेक्षा मोठी होती. त्यातली काही तुला दाखवण्याआधीच विम्यात गेली."

कायद्याने नोकरीतल्या विम्यात काय बदललं?

ओबामाकेअरबद्दल जे ऐकू येतं, ते बहुतेक स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांबद्दल असतं. सरकारी 'मार्केटप्लेस'वर, म्हणजे विमा विकत घ्यायच्या संकेतस्थळावर, अनुदान मिळतं वगैरे. नोकरीतून विमा असलेले सुमारे पंधरा कोटी लोक आहेत, आणि त्यांच्या बाबतीत कायद्याने घर पाडून नवं बांधलं नाही. त्याने काही नियम घातले.

मुलांना आई-वडिलांच्या विम्यावर २६ वर्षं पूर्ण होईपर्यंत ठेवता येऊ लागलं, कॉलेजात असोत वा नसोत. आजाराच्या खर्चाला आयुष्यभराची कमाल मर्यादा घालायला बंदी आली. पूर्वी दहा लाख, वीस लाख डॉलर अशा मर्यादा असत. मोठा वाटणारा हा आकडा कॅन्सर किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ अशा आजारपणात बघता बघता संपायचा. लसी, रक्तदाबाची तपासणी, मॅमोग्राम, कोलोनोस्कोपी अशा प्रतिबंधक गोष्टींना खिशातून पैसे द्यायची गरज उरली नाही. नव्या कर्मचाऱ्याला विम्यासाठी ९० दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं यावर छत आलं. २०२५ साठी ते एकट्याला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होतं.

कंपन्यांवरही बंधन आलं. पन्नास किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असतील, आणि आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ, तर त्यांना परवडेल असा विमा द्यायचा, नाहीतर दंड भरायचा. मोठ्या कंपन्यांना हे २०१५ पासून लागू झालं, पन्नास ते नव्याण्णव माणसांच्या कंपन्यांना २०१६ पासून.

'परवडेल' या शब्दाची व्याख्या मात्र नीट वाचायला हवी. फक्त कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या विम्याची कपात उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत असली की झालं. २०२५ साठी तो टक्का ९.०२ होता, २०२६ साठी ९.९६. बायकामुलांसह किती कापलं जातं, हे कंपनीवरच्या त्या बंधनात मोजतच नाहीत. मुलांना विमा देऊ करायला हवा, पण त्यांच्या कपातीला मर्यादा नाही. आणि नवऱ्याला किंवा बायकोला विमा द्यायचं बंधन तर अजिबात नाही.

याचा परिणाम आपल्या घरांवर सरळ होतो. २०२५ च्या पाहणीत एकट्या कर्मचाऱ्याची सरासरी कपात वर्षाला १,४४० डॉलर, म्हणजे प्रीमियमच्या १५ टक्के. कुटुंबाची ६,८५०, म्हणजे २५ टक्के. कंपनीला कुठेतरी हात आखडायचा असतो तेव्हा ती कायद्याचं लक्ष नसतं तिथे आखडते. घरात एकच कमावणारं माणूस, दुसरं एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आणि कामाची परवानगी नाही, अशा मराठी घरांना हा चिमटा सर्वांत जास्त बसतो. आपल्याकडे ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडिलांना घेण्याची सोय पुष्कळ कंपन्या देतात. इथे नोकरीतल्या विम्यात आई-वडील जवळपास कधीच बसत नाहीत, त्यांच्यासाठी प्रवासी विमा वेगळाच.

मग या नियमांनी प्रीमियम किती वाढला?

नियम फुकट नव्हते. सरकारने २०१० मध्ये नियम जाहीर करताना स्वतःच अंदाज दिले होते: २६ वर्षांपर्यंतच्या मुलांमुळे प्रीमियम सुमारे एक टक्का वाढेल, प्रतिबंधक तपासण्या मोफत केल्याने सुमारे दीड टक्का. त्याआधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अंदाजपत्रक कार्यालयाने सांगितलं होतं की मोठ्या कंपन्यांच्या विम्याचा प्रीमियम या कायद्यामुळे जवळपास जागच्या जागी राहील, फार तर तीन टक्क्यांपर्यंत उतरेल.

काही छोटे कर आणि शुल्कंही लागली. एक शुल्क २०१४ मध्ये दर विमाधारकामागे ६३ डॉलर होतं, पुढे ४४, मग २७ होऊन संपलं. विमा कंपन्यांवरचा वेगळा कर २०२१ पासून रद्द झाला.

आता प्रत्यक्षात काय झालं? २००० मध्ये कुटुंबाचा सरासरी प्रीमियम ६,४३८ डॉलर होता. २०१० मध्ये, कायदा झाला त्या वर्षी, तो १३,७७० होता. दहा वर्षांत दुपटीहून जास्त, आणि हे सगळं ओबामाकेअरच्या आधी. पुढच्या दहा वर्षांत तो २१,३४२ वर गेला, म्हणजे ५५ टक्के वाढ. कायद्यानंतर वाढीचा वेग मंदावला. त्याचं सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर नाही, कारण २००८ च्या मंदीचा परिणाम होता आणि कंपन्या खर्च कर्मचाऱ्यांवर ढकलतही होत्या. पण 'कायदा आला आणि प्रीमियम भडकला' हे म्हणणं आकड्यांत कुठे सापडत नाही.

२००८ च्या प्रचारात ओबामांनी सर्वसाधारण कुटुंबाचा वर्षाचा खर्च २,५०० डॉलरपर्यंत कमी होईल असं सांगितलं होतं. तसं झालं नाही, हेही तितकंच खरं. लोक चिडले ते याच वचनामुळे, आणि त्यांचं चिडणं मला कळतं.

सोसायटीचा मेंटेनन्स आणि पाण्याचा टँकर

पुण्या-ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीचा मेंटेनन्स डोळ्यांसमोर आणा. वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, जिन्यातले दिवे, आणि फेब्रुवारीपासून पाण्याचे टँकर. नियम आला की प्रत्येक मजल्यावर आग विझवायचं सिलिंडर हवं आणि लिफ्टची वार्षिक तपासणी हवी. त्या वर्षी मेंटेनन्स थोडा वाढला आणि तिथेच राहिला. सभेत लोक सिलिंडरवरून भांडले, कारण सिलिंडर भिंतीवर दिसतो. पण मेंटेनन्स दरवर्षी वाढतोय तो टँकरमुळे. टँकरवाला दर वाढवतो, त्याच्याशी भाव करायला सोसायटीकडे ताकद नाही, आणि पाणी तर लागतंच.

२६ वर्षांची मुलं, मोफत मॅमोग्राम, आयुष्यभराच्या मर्यादेवरची बंदी, हे सगळं सिलिंडरसारखं. एकदा खर्च वाढला, पण पुढच्या वर्षी परत तितकाच वाढत नाही. दरवर्षीची वाढ येते हॉस्पिटलच्या आणि औषधांच्या दरांतून.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, आणि त्यात हॉस्पिटलला किती द्यायचं ते सरकार ठरवतं. नोकरीतल्या विम्यात हे दर हॉस्पिटल आणि विमा कंपनी वाटाघाटींनी ठरवतात. रँड या संशोधन संस्थेने २०२२ च्या बिलांचा अभ्यास केला, तेव्हा खासगी विम्यातून हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या सरासरी २५४ टक्के दर मिळत असल्याचं दिसलं. त्याच शस्त्रक्रियेला, त्याच खाटेवर, अडीच पट. हॉस्पिटलं एकमेकांत विलीन होत गेली आणि एखाद्या भागात एकच मोठी साखळी उरली, की विमा कंपनीला 'तुमच्याकडे नाही येत' असं म्हणता येत नाही. माझ्याच ओळखीत गुडघ्याच्या एमआरआयचं बिल हॉस्पिटलच्या विभागात एक आलं आणि दोन मैलांवरच्या स्वतंत्र केंद्रात त्याच्या तिसऱ्या हिश्शाचं. विमा तोच, गुडघाही तोच.

२०१० च्या कायद्याने मेडिकेअरच्या दरवाढीला कात्री लावली, पण खासगी विम्याच्या दरांना हात घातला नाही. मेरीलँड राज्यात सत्तरच्या दशकापासून हॉस्पिटलांचे दर सर्व प्रकारच्या विम्यांसाठी एक आयोग ठरवतो. तसं देशभर करायचा प्रयत्न या कायद्यात नव्हता. विमा कोणाला मिळावा आणि त्यात काय असावं, याचा तो कायदा. माझ्या मते त्याचं बळ त्यातच आहे आणि त्याची उणीवही तिथेच.

सध्याच्या वाढीत नवी औषधंही आहेत. वजन उतरवणारी आणि मधुमेहावरची इंजेक्शनं घेणारे वाढलेत. मर्सर या सल्लागार कंपनीने २०२६ साठी दर कर्मचाऱ्यामागे सरासरी ६.५ टक्के वाढीचा अंदाज दिला, २०१० नंतरचा सर्वांत मोठा. माझ्या सहकाऱ्याच्या तीन टक्क्यांशी ही ६.५ टक्क्यांची शर्यत आहे.

"विमा कंपन्यांचा नफा तर कायद्याने बांधला होता ना?"

हो. मोठ्या कंपन्यांच्या विम्यात जमलेल्या प्रीमियमचे किमान ८५ टक्के, आणि छोट्या कंपन्यांच्या व वैयक्तिक विम्यात ८० टक्के, उपचारांवर खर्च झालेच पाहिजेत. नाही झाले तर उरलेली रक्कम परत करायची. २०१२ पासून असे परतावे खरंच दिले जातात, आणि नियम चांगला आहे.

पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, इंटिरियरवाल्याला एकूण खर्चाच्या १५ टक्के मजुरी ठरवली, तर त्याला स्वस्त लाकूड शोधायची घाई नसते. एकूण वाढलं की १५ टक्केही वाढतात. दुसरी जास्त महत्त्वाची. नोकरीतून विमा असलेल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या बाबतीत खरी विमा कंपनी नसतेच. मोठी कंपनी आपल्या माणसांची बिलं स्वतःच्या पैशातून भरते, कार्डावर नाव असलेली विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. याला 'सेल्फ-फंडेड' म्हणतात, आणि ८५ टक्क्यांचा नियम तिथे लागूच होत नाही. आमच्या कंपनीतही हेच आहे. तुमचं बिल शेवटी तुमच्याच कंपनीच्या गल्ल्यातून जातं, हे कळलं की एमआरआय कुठे करायचा याचा विचार माणूस वेगळ्या तऱ्हेने करतो.

एक कर, जो आलाच नाही

कायद्यात खर्च रोखायचं एकच टोकदार हत्यार होतं. लोक त्याला 'कॅडिलॅक टॅक्स' म्हणत. एकट्याचा प्रीमियम १०,२०० किंवा कुटुंबाचा २७,५०० डॉलरपेक्षा वर गेला, तर वरच्या रकमेवर ४० टक्के कर. तो २०१८ पासून लागायचा होता, मग २०२०, मग २०२२ वर ढकलला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये रद्दच झाला. कामगार संघटनांना तो नको होता, उद्योगांनाही नको होता.

कर आला नाही, तरी त्याची चाहूल लागून गेली. पुष्कळ कंपन्यांनी प्रीमियम खाली ठेवण्यासाठी डिडक्टिबल वाढवलं. डिडक्टिबल म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला आपल्या खिशातून भरायची रक्कम, तिच्यानंतर विमा पैसे देऊ लागतो. डिडक्टिबल असलेल्या योजनांत एकट्याचं सरासरी डिडक्टिबल २०१० मध्ये ९१७ डॉलर होतं, २०२५ मध्ये १,८८६. स्टबवरची कपात बघून आपण विम्याची किंमत ठरवतो, आणि फेब्रुवारीत बाळाला ताप येऊन इमर्जन्सीत जावं लागलं की ही दुसरी किंमत कळते.

"गरिबांना फुकट देतात, त्याचा भार आपल्यावर पडतो"

हे वाक्य मी मराठी घरांतल्या पार्ट्यांमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. गरिबांसाठीचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेड. तो हॉस्पिटलला कमी दर देतो, म्हणून हॉस्पिटल तूट आपल्याकडून भरून काढतं, असा हा तर्क.

तो खरा असता, तर हॉस्पिटलांवरचा न भरलेल्या बिलांचा बोजा घटल्यावर आपले दर उतरायला हवे होते. २०१४ पासून अनेक राज्यांनी मेडिकेड वाढवलं, तिथे पूर्वी बिल न भरता जाणारे लोक विम्यात आले आणि बोजा घटला. खासगी दर काही खाली आले नाहीत. हॉस्पिटल आपल्याकडून जितके मिळवता येतील तितके घेतं, तूट असो वा नसो. मेडिकेडच्या रांगेत उभं असलेलं माणूस पुष्कळदा आपल्याच ऑफिसात रात्री झाडू मारणारं असतं, आणि त्याने आपला प्रीमियम वाढवलेला नाही.

तुमची कंपनी छोटी असेल तर

पन्नासपेक्षा कमी माणसं असतील, तर विमा द्यायचं बंधन नाही. पण दिला, तर २०१४ पासून दर ठरवताना कर्मचाऱ्यांचे आजार बघता येत नाहीत. वय बघता येतं, पण सर्वांत मोठ्या वयाच्या माणसाचा दर तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. न्यू जर्सीत अशा धर्तीचे नियम नव्वदच्या दशकापासूनच होते. इतर अनेक राज्यांत मात्र या बदलाने सगळी तरुण मुलं असलेल्या छोट्या आयटी कंपनीचा दर वाढला, आणि एक माणूस डायलिसिसवर असलेल्या छोट्या छापखान्याचा उतरला. 'ओबामाकेअरने आमचं वाटोळं केलं' आणि 'ओबामाकेअरने आम्हाला वाचवलं' ही दोन्ही वाक्यं शेजारशेजारच्या दुकानांतून ऐकू येतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

"मग पैसे हातात द्या, मी माझा विमा घेतो"

हे आपल्या मंडळींना फार पटतं. अडचण अशी, की कंपनीने परवडणारा विमा देऊ केला असेल, तर तो नाकारून मार्केटप्लेसवर गेल्यास अनुदान मिळत नाही, आणि रोख पगारावर कर लागतो. पूर्वी तर बायकामुलांचंही अनुदान जायचं, कारण कर्मचाऱ्याचा एकट्याचा विमा परवडतो एवढंच बघत. या त्रुटीला 'फॅमिली ग्लिच' म्हणत. २०२३ पासून ती दुरुस्त झाली आणि कुटुंबाची कपात वेगळी मोजली जाते. कमी पगाराच्या कुटुंबांनी आपला हिशेब करून बघावा.

पण त्यातही बदल झालाय. २०२१ मध्ये वाढवलेली अनुदानं २०२५ अखेर संपली. त्यांच्यावरूनच त्या शरद ऋतूत केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद होतं. आता दारिद्र्यरेषेच्या चौपटीपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांना काहीच मिळत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आणि एच-४ वरच्या लोकांना अनुदान मिळणार नाही, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. ग्रीन कार्डवाल्यांना मिळत राहील. पूर्ण किंमत मोजून विमा घेता येईल, एवढंच व्हिसावाल्यांच्या हाती राहतं.

हे नोकरीतल्या विम्याला कसं लागतं? मार्केटप्लेस महाग झाला की स्वतःचा धंदा करणारी बायको नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यावर येते. नोकरी सोडायचा विचार करणारा साठीचा माणूस मेडिकेअरपर्यंत थांबतो. बाहेरचं दार अरुंद झालं की आतली खोली भरते, आणि तिचं भाडं आतले सगळे मिळून भरतात.

नोकरी गेली तर

विम्याची पूर्ण किंमत बहुतेकांना पहिल्यांदा कळते ती एका पाकिटातून. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका घरी मी चहाला बसले होते. आदल्या आठवड्यात नवऱ्याची नोकरी गेली होती. ओट्यावर पोळ्या, टेबलावर उघडलेलं पाकीट. त्यात 'कोब्रा'चं पत्र होतं. कोब्रा म्हणजे जुना विमा साधारण अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवायचा हक्क, पण कंपनीचा वाटा धरून सगळा प्रीमियम आपण भरायचा आणि वर दोन टक्के. २०२५ च्या सरासरीने हिशेब केला तर कुटुंबाला महिन्याला सुमारे २,२९५ डॉलर. त्या बाईंनी पत्र माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "हे वर्षाचे ना?"

मी तेव्हा सांगितलं ते इथेही सांगते. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात, आणि घेतला तर तो नोकरीचा विमा संपला त्या दिवसापासून धरला जातो. म्हणजे पहिल्याच दिवशी घाबरून चेक फाडायची गरज नाही. मधल्या काळात काही मोठं झालं तर घ्या, मागचे प्रीमियम भरावे लागतील. मार्केटप्लेसवरही नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसांत विमा घेता येतो, पण तो मागच्या तारखेपासून मिळत नाही. आणि एच-१बीवाल्याला नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तीन घड्याळं जवळपास एकाच वेळी चालू होतात. प्रत्येक कधी चालू झालं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझ्या तरुण सहकाऱ्याने शेवटी मधली योजना घेतली. सर्वांत कमी कपातीची त्याला आवडली होती, पण मुलीचे कान वारंवार दुखतात, आणि त्या योजनेचं सगळं डिडक्टिबल मार्चपर्यंतच खिशातून गेलं असतं. फोन ठेवण्याआधी त्याने डब्ल्यू-२ शोधून बॉक्स १२ वाचला. थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, पुढच्या अप्रेझलला हा आकडा घेऊनच बसतो."